नूतनीकरणाआधी घर पडद्यावर मांडायचं तर: मापापासून पेटीपर्यंत

टाइल्सच्या शोरूममध्ये हल्ली बसल्याबसल्या मोठा डिजिटल पडदा समोर येतो. सेल्समन तुमच्या हॉलचा फोटो मागून घेतो, दोन-चार ठिकाणी बोट लावतो आणि तुमच्याच सोफ्याखाली चकचकीत मार्बलसारखी फरशी दिसायला लागते. घरचे खूश होतात, ऑर्डर नोंदवली जाते. मग काम सुरू होतं आणि गवंडी विचारतो, "तुकडा कुठल्या भिंतीला काढू?" सुतार विचारतो, "बीमखाली किती उंची धरू?" त्या देखण्या चित्रात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं.

ठाण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं काम करून घेताना आणि पुढे कोल्हापूरला मामेभावाच्या टाइल्सच्या दुकानात असाच पडदा बसवून देताना मला या व्यवहाराच्या दोन्ही बाजू बघायला मिळाल्या. या साधनांचा खरा उपयोग माप आणि निर्णय काम सुरू होण्याआधी पक्के करायला होतो, असं माझं ठाम मत आहे. सुंदर चित्र मिळतं ते वरकड. म्हणून खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. शेवटचा भाग दुकानदारांसाठी आहे, पण ग्राहकांनीही तो वाचावा; दुकानात काय मागायचं ते कळेल.

१. आधी कागद आणि साहित्य जमवा

हे हाताशी ठेवा:

- खरेदीच्या करारनाम्याला जोडलेला फ्लॅटचा नकाशा, किंवा इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत. जुन्या इमारतीत ती सोसायटीच्या फायलीत असू शकते.
- सोसायटीचे दुरुस्तीबाबतचे नियम: अर्ज, अनामत रक्कम, कामाच्या वेळा, डेब्रिज कुठे आणि कसं टाकायचं.
- भिंत पाडायची किंवा सरकवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत. सॉफ्टवेअरमध्ये भिंत एका क्लिकमध्ये पुसली जाते. खरी भिंत कशाचा भार घेते आहे ते त्याला कळत नाही.
- ५ मीटरची टेप, जमल्यास लेझर मीटर, चौकटीची वही आणि मास्किंग टेप.

करारनाम्यातल्या कार्पेट एरियावरून टाइल्स कधीच मोजू नका. २०१६ च्या रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायाच्या नियमनाच्या, कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा धरलेली असते आणि बाल्कनी मात्र वगळलेली असते. म्हणजे तो आकडा तुमच्या फरशीचा नाही.

२. माप स्वतः घ्या, आणि मिलिमीटरमध्ये घ्या

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढचं सगळं यावर उभं राहतं.

प्रत्येक भिंतीची लांबी तीन ठिकाणी मोजा: जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि छताजवळ. जुन्या प्लास्टरला पोट आलेलं असतं, त्यामुळे तिन्ही आकडे सारखे येतीलच असं नाही. कपाट बसवायचं असेल तर त्यातला सगळ्यात लहान आकडा धरा. मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही. कुठला कोपरा बिघडलाय ते गवंड्याच्या जुन्या रीतीने शोधा: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर नेमकं ५ फूट भरलं तर कोपरा सरळ.

त्यानंतर लोक विसरतात ती मापं: बीमची रुंदी आणि तो छतापासून किती खाली उतरलाय, कॉलम भिंतीच्या किती बाहेर आलाय, खिडकीची जमिनीपासूनची उंची, दार कुठल्या बाजूला आणि किती उघडतं, स्विचबोर्ड, एसीच्या पाण्याची नळी, डक्टचा दरवाजा, नहाणीतला ट्रॅप (पाणी वाहून जाण्याची जागा). प्रत्येक गोष्टीची दोन मापं हवीत, जवळच्या कोपऱ्यापासूनचं अंतर आणि जमिनीपासूनची उंची.

एककांचा गोंधळ खूप होतो. सॉफ्टवेअर सेंटिमीटरमध्ये बोलतं, टाइल मिलिमीटरमध्ये विकली जाते, आणि सुतार इंच-सुतात मोजतो. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३ मिमी. तुम्ही सगळं मिमीमध्ये लिहा आणि सुताराच्या कागदावर शेजारी इंच-सूत द्या.

मोबाइलने खोली स्कॅन करता येते हे खरं आहे. आयफोनच्या प्रो मॉडेल्समध्ये २०२० पासून लायडार (प्रकाशाने अंतर मोजणारा) सेन्सर आहे, आणि २०२२ मध्ये अ‍ॅपलने रूमप्लॅन ही खोली स्कॅन करायची सोय आणल्यापासून खोलीभर फोन फिरवून आराखडा काढून देणारी अ‍ॅप्स सोपी झाली. आराखड्याचा सांगाडा मिळवायला ती छान आहेत. पण आरसा, काच आणि सामानाने भरलेला कोपरा यांच्यासमोर ती फसतात, आणि लायडार नसलेल्या फोनवरचं नुसत्या कॅमेऱ्याचं माप तर केवळ अंदाज असतो. स्कॅनवरून सोफा बसेल का ते बघा. ओटा किंवा वॉर्डरोब त्यावरून कापायला देऊ नका.

३. साधन निवडताना ते कोणी आणि कशासाठी बनवलंय ते बघा

पहिला प्रकार कंपन्यांच्या स्वतःच्या साधनांचा. रंगाच्या आणि टाइल्सच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर भिंत रंगवून किंवा फरशी बदलून बघायची सोय असते. ती फुकट असते आणि साहजिकच त्यात त्यांचाच माल दिसतो. पसंती ठरवायला उपयोगी, मापाला नाही.

दुसरा प्रकार मोबाइलच्या कॅमेऱ्यातून वस्तू खोलीत ठेवून दाखवणाऱ्या अ‍ॅप्सचा. आयकियाने २०१७ मध्ये असं अ‍ॅप आणलं आणि मग इतरांनीही तीच वाट धरली. एखादी खुर्ची किंवा टेबल किती जागा खाईल हे उमजायला याच्याइतकं सोपं काही नाही.

तिसरा प्रकार नकाशा काढण्याच्या सॉफ्टवेअरचा, आणि घरमालकाला खरी गरज याची आहे. फ्लोअरप्लॅनर आणि प्लॅनर ५डी ब्राउझरमध्ये चालतात, शिकायला सोपी आहेत. त्यांच्या मोफत खात्यावर मर्यादा असतात, तेव्हा कार्डाचा नंबर देण्याआधी वर्गणी आपोआप पुढे चालू राहते का ते वाचा. स्केचअप ताकदीचं आहे, सुतारकामाचे बारकावे काढायला उत्तम, पण हात बसायला वेळ लागतो. मी नवख्यांना स्वीट होम ३डी सुचवते. इमॅन्युएल प्यूबारे या फ्रेंच प्रोग्रामरने बनवलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, बेताच्या लॅपटॉपवरही चालतं, आणि तुमचा नकाशा तुमच्याच यंत्रावर राहतो.

चौथा प्रकार नवा: फोटो द्या, एआय खोली सजवून देईल. घरातल्या चौघांच्या आवडी एकमेकांना समजावून सांगायला तो वापरा. पण ही चित्रं खिडकी सरकवतात, बीम गायब करतात, बाजारात नसलेलं फर्निचर काढतात. असलं चित्र सुताराला दाखवून "असं करून दे" म्हटलं की भांडणाची सुरुवात झालीच म्हणून समजा.

४. नकाशा मांडा

स्वीट होम ३डीमध्ये क्रम असा ठेवा. सुरुवातीलाच सॉफ्टवेअरच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये (सेटिंग्जमध्ये) एकक, नव्या भिंतीची जाडी आणि उंची बदलून घ्या. बाहेरच्या भिंती आपल्याकडे प्लास्टरशिवाय ६ किंवा ९ इंचांच्या असतात, आतल्या साधारण ४ इंचांच्या; दाराच्या चौकटीजवळ प्लास्टरसकट जाडी सहज मोजता येते. मग करारनाम्यातल्या नकाशाचा फोटो पार्श्वभूमी म्हणून आणा. सॉफ्टवेअर एका ज्ञात लांबीवर रेघ ओढायला सांगतं. तिथे नकाशावर छापलेला आकडा न देता तुम्ही मोजलेला द्या. त्यावर भिंती गिरवा, मग एकेका भिंतीचं माप उघडून वहीतल्या आकड्याशी जुळवा.

बीम आणि कॉलम तुमच्या मापाचे तयार मिळत नाहीत. साधी चौकोनी पेटी घ्या, तिला मापं द्या, आणि बीमसाठी जमिनीपासूनची उंची भरा. हे केलंत तरच छतापर्यंतचं कपाट खरोखर छतापर्यंत जातंय की बीमला अडतंय ते कळेल.

उत्तर दिशा लावायला विसरू नका. नकाशावरच्या होकायंत्रात दिशा आणि तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश भरता येतात, आणि फोटो काढताना तारीख-वेळही देता येते. मे महिन्यातलं दुपारी चारचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून पलंगावर कुठपर्यंत येतं हे काम सुरू होण्याआधी बघता येणं ही मला या सॉफ्टवेअरची सगळ्यात मोलाची सोय वाटते.

५. फरशी: इथे पैसे वाचतात किंवा जातात

टाइलचं चित्र सॉफ्टवेअरमध्ये आणताना तिची रुंदी आणि लांबी विचारली जाते. ६०० बाय ६०० ची टाइल असेल तर ६० सेंमी भरा. हे माप चुकलं की खोलीत भलत्याच आकाराच्या टाइल्स दिसतात.

आता हिशेब. समजा खोली १२ बाय १० फूट, टाइल ६०० बाय ६०० मिमी. एका पेटीत चार टाइल्स असतील तर पेटी १५.५ चौरस फुटांची होते. १२० चौरस फुटांवर १० टक्के तूट धरून १३२, म्हणजे ९ पेट्या. दुकानात हाच आकडा सांगतील.

पण ही खोली मांडून बघा. १२ फूट म्हणजे ३६५८ मिमी. दोन मिमीचे सांधे धरून सहा पूर्ण टाइल्स बसवल्या की एका भिंतीला उरतो अवघा ४६ मिमीचा तुकडा. दुसऱ्या बाजूला १० फूट म्हणजे ३०४८ मिमी, तिथे पाच टाइल्सनंतर उरतात ३८ मिमी. दाराशी अशी दोन बोटांची पट्टी आली तर ती रोज डोळ्यांत खुपते आणि कापताना फुटतेही लवकर. चांगला गवंडी मग मध्यापासून मांडणी करतो: लांबीत पाच पूर्ण टाइल्स आणि दोन्ही टोकांना ३२३ मिमीचे तुकडे, रुंदीत चार पूर्ण आणि दोन्हीकडे ३१९ चे. दिसायला सुरेख. पण प्रत्येक तुकडा अर्ध्याहून मोठा असल्याने एका टाइलमधून एकच निघतो. सात गुणिले सहा, ४२ टाइल्स लागल्या, म्हणजे ११ पेट्या. तूट-फूट वेगळी.

उरलेल्या पावणेतीनशे मिमीच्या पट्ट्या वाया जात नाहीत. त्यातून चार इंचांचं स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याशी लावायची पट्टी) निघतं आणि या खोलीला ते पुरतं. तेव्हा या मांडणीत स्कर्टिंगसाठी वेगळ्या टाइल्स घेऊ नका. क्षेत्रफळावरून काढलेला आकडा यातलं काहीच सांगत नाही, मांडणीचं चित्र सगळं सांगतं.

आणखी तीन सापळे. पडद्यावर बहुतेकदा एकाच टाइलचं चित्र सगळीकडे उमटवलेलं असतं; प्रत्यक्षात संगमरवरी नक्षीच्या एकाच डिझाइनचे अनेक वेगवेगळे 'फेस', म्हणजे नक्षीचे वेगवेगळे तुकडे, असतात, त्यामुळे नक्षी इतकी एकसारखी दिसत नाही. दुसरं, जुन्या फरशीवरच नवी बसवणार असाल तर अ‍ॅढेसिव्हसकट जमीन साधारण १२ ते १५ मिमी वर येते. दारं खालून तासावी लागतात, उंबऱ्याशी चढ येतो, नहाणीचा उतार बदलतो. तिसरं, पेट्या येतील तेव्हा सगळ्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे का बघा. दोन पेट्या नंतर मागवू असं म्हणालात तर त्याच शेडची खात्री कोणी देणार नाही.

६. ओटा, पलंग, कपाट

सॉफ्टवेअरमधलं तयार फर्निचर परदेशी मापाचं असतं. तिथला डबल बेड आपल्या गादीच्या मापाचा नसतो. आपल्याकडे गादी ७८ बाय ६० किंवा ७८ बाय ७२ इंचांची मिळते. म्हणून प्रत्येक वस्तू ठेवली की तिचं माप उघडून आपलं भरा. देव्हारा, पिठाचा डबा, धुण्याचं मशीन, इस्त्रीचं टेबल यांना साध्या पेट्या म्हणून जागा द्या, नाहीतर ती शेवटी पॅसेजमध्ये येतात.

ओट्याची उंची कॅटलॉगवरून ठरवू नका. घरात जास्त वेळ स्वयंपाक करणाऱ्या माणसाला पोळ्या लाटायला उभं करा. कोपर किंचित वाकलेलं असताना पोळपाट जिथे सोयीचा वाटतो तिथून पोळपाटाची उंची वजा केली की ओट्याची उंची मिळाली. बहुतेकांची ३२ ते ३४ इंचांत येते. मग फ्रिज, ओव्हन आणि ड्रॉवर यांची दारं पूर्ण उघडलेली काढा आणि एकमेकांना अडतात का बघा.

शेवटी मास्किंग टेपने पलंग आणि कपाट जमिनीवर खऱ्या मापात आखा आणि दोन दिवस त्यातून वावरा. पडद्यावर खोली नेहमी मोठी वाटते, कारण कॅमेऱ्याचा कोन रुंद ठेवलेला असतो.

७. रंग

पडद्यावर रंगाची दिशा ठरवा, छटा ठरवू नका. मोबाइलचा नाइट मोड चालू असेल तर पांढराही पिवळट दिसतो. निवडलेल्या दोन-तीन छटांचे छोटे डबे आणा, दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन फुटी चौकोन दोन हात मारून रंगवा आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर बघा. दिवेही आधीच ठरवा. ३००० केल्विनचा उजेड पिवळसर असतो, ६५०० चा पांढरा-निळसर, आणि त्यात तीच राखाडी भिंत दोन वेगळ्या भिंतींसारखी दिसते. टाइलचंही तसंच. नमुन्याची एक टाइल घरी आणून जमिनीवर ठेवा. उभी धरलेली टाइल वेगळी दिसते.

८. कारागिरांच्या हातात काय द्यायचं

रंगीत ३डी चित्रं घरच्यांसाठी. कारागिरांना हवी असतात सरळ रेघांची, मापं लिहिलेली रेखाटनं: खोलीवार नकाशा, टाइल्सच्या मांडणीत पहिली पूर्ण टाइल कुठून सुरू होते त्याची खूण, आणि प्रत्येक भिंतीचं उभं रेखाटन ज्यात स्विचबोर्ड आणि नळाचे पॉइंट जमिनीपासून किती उंचीवर ते लिहिलंय. ए३ कागदावर छापा आणि त्याच खोलीच्या भिंतीवर चिकटवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर पीडीएफ करून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेल्या रेखाटनातले आकडे पुसट होतात आणि ३ चा ८ वाचला जातो.

बदल केलात तर फाइलवर तारीख घाला आणि भिंतीवरचा जुना कागद फाडून टाका. प्लंबर आणि सुतार दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करताहेत, हे सिंक कापल्यावर कळतं. वॉर्डरोबची अंतिम मापं प्लास्टर आणि फरशी झाल्यावर सुताराने स्वतः पुन्हा घ्यावीत, असं बोलणीतच ठरवा.

९. दुकानदारांसाठी

असा पडदा बसवायचा विचार असेल तर हजारो डिझाइन्स एकदम चढवू नका. गोदामात खरोखर असलेला, जास्त खपणारा माल आधी घ्या. मोरबीच्या (गुजरातमधलं टाइल्सच्या कारखान्यांचं गाव) पुरवठादाराकडे डिझाइनच्या मूळ फाइल्स मागा, सगळ्या फेससकट. मोबाइलवर काढलेल्या टाइलच्या फोटोत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येतं आणि तेच मग गिऱ्हाइकाच्या अख्ख्या हॉलभर उमटतं. माल संपला की डिझाइन पडद्यावरून त्याच दिवशी काढा. गिऱ्हाईक एखाद्या फरशीत मनाने राहायला लागल्यावर "ती आता येत नाही" असं ऐकवणं फार वाईट.

गिऱ्हाइकाच्या खोलीच्या फोटोवर फरशी बदलून दाखवणाऱ्या रूमवोसारख्या तयार सेवा वर्गणीवर मिळतात. करार करण्याआधी विचारा: स्वतःची डिझाइन्स आपण चढवू शकतो का, इंटरनेट गेलं तर काय चालतं, आणि वर्गणी बंद केली तर आपला कॅटलॉग परत कोणत्या स्वरूपात मिळतो. स्केचअपची मोफत आवृत्ती फक्त वैयक्तिक वापरासाठी आहे, दुकानाला पैसे भरूनच घ्यावी लागते.

पडद्यासमोर बसणाऱ्या मुलाला एक शिस्त लावा: फोटोआधी खोलीची मापं विचारायची. मापं नसतील तर चित्र जरूर दाखवा, पण पेट्यांचा आकडा सांगू नका. मापं असतील तर मांडणी काढून, सांध्यासकट टाइल्स मोजून, कोड, साइज, फिनिश आणि खोलीचं नाव लिहिलेली पीडीएफ गिऱ्हाइकाला द्या, त्याने आज खरेदी केली नाही तरी. स्पर्धकाकडे जाईल या भीतीने बरेच दुकानदार ती देत नाहीत. मला वाटतं, नीट मोजून दिलेल्या कागदामुळे माणूस परत येतो, कारण दुसरीकडे त्याला कोणी मोजून दिलेलं नसतं.

लोक घराचे आतले फोटो आणि मोबाइल नंबर तुमच्यावर विश्वासाने सोपवतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, पण कायदा नसता तरी विचारल्याशिवाय कोणाचा हॉल तुमच्या इन्स्टाग्रामवर जाता कामा नये. संमती लेखी घ्या, काम झालं की फोटो काढून टाका.

माल पोचवताना पीडीएफची छापील प्रत गाडीबरोबर पाठवा. पेट्यांवरचा कोड, बॅच आणि शेड त्याच्याशी ताडून, वेगवेगळ्या पेट्यांतल्या आठ-दहा टाइल्स कोरड्याच जमिनीवर मांडून गिऱ्हाइकाला दाखवा आणि सही घ्या. एकदा अ‍ॅढेसिव्ह लागलं की टाइल परत घेता येत नाही, म्हणून ही जुळवणी टेम्पो खाली उभा असतानाच उरकायची.